महिना आणि मोसम : के. ल. दप्तरी, पंचांगसुधारणा आणि चांद्याचा वनप्रदेश

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झालेल्या पंचांगसुधारणेच्या चळवळीचा इतिहास सांगताना पुणे, मुंबई, सांगली आणि विजापूर या गावांची नावे सहज पुढे येतात; परंतु या चळवळीची सांगता ज्या शासकीय समितीच्या अहवालाने झाली, त्या समितीत नागपूरच्या एका विद्वानाचाही समावेश होता, आणि विदर्भाबाहेर त्यांचे नाव आज फारसे घेतले जात नाही. विद्वद्रत्न डॉ. केशव लक्ष्मण दप्तरी (१८८०–१९५६) हे ते विद्वान होत. त्यांच्या कार्याचे वैशिष्ट्य असे की, ज्योतिर्गणित आणि धर्मशास्त्र या दोन्ही क्षेत्रांत त्यांनी स्वतंत्रपणे लेखन केले, आणि पंचांगाचा वादही मुळात या दोन क्षेत्रांच्या सीमेवर उभा होता. आकाशात सूर्य व चंद्र कोठे आहेत हे गणित सांगू शकते. पण सण त्या गणिताप्रमाणे पाळावा की वडिलोपार्जित पंचांगाप्रमाणे, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न गणिताने सुटत नाही. नागपूरच्या दक्षिणेस व आग्नेयेस पसरलेल्या आजच्या चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील, म्हणजे जुन्या चांदा जिल्ह्यातील, कालगणनेच्या रूढी पाहिल्या असता या प्रश्नाचे स्वरूप अधिक स्पष्ट होते, कारण या वनप्रदेशात छापील पंचांग, सूर्यनक्षत्रे, शासकीय दिनदर्शिका आणि झाडाच्या फुलाफळावरून ठरणारे सण अशा चार गणना शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत.

तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण ही पाच अंगे सांगणारे पुस्तक ते पंचांग. त्यातील महिने चंद्रावरून मोजले जातात, तर वर्ष सूर्याच्या गतीशी बांधलेले असते. म्हणून ही पद्धत चांद्रसौर म्हटली जाते. बारा चांद्र महिन्यांचे वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे भरते आणि सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी कमी पडते; ही तूट भरून काढण्यासाठी साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक अधिक मास धरला जातो. ज्या चांद्र महिन्यात सूर्याची एकही संक्रांत, म्हणजे एका राशीतून दुसऱ्या राशीत प्रवेश, होत नाही, तो महिना अधिक ठरतो. त्यामुळे संक्रांतीचा क्षण कसा काढावा यावर अधिक मास अवलंबून असतो, आणि अधिक मासावर पुढील सगळ्या सणांचे दिवस अवलंबून असतात. पंचांगवादाचे मूळ येथे आहे.

सूर्याची राशी मोजण्याचे दोन आरंभबिंदू आहेत. दिवस व रात्र समान होतात त्या वसंतसंपातापासून मोजल्यास ती सायन गणना होते आणि तिचे वर्ष ३६५.२४२२ दिवसांचे असते. ऋतू या वर्षाप्रमाणे फिरतात. ताऱ्यांमधील एका स्थिर बिंदूपासून मोजल्यास ती निरयन गणना होते आणि तिचे वर्ष ३६५.२५६४ दिवसांचे भरते. संपातबिंदू ताऱ्यांच्या संदर्भात वर्षाला सुमारे ५० विकला मागे सरकतो, आणि या दोन आरंभबिंदूंतील साठत गेलेल्या कोनात्मक अंतराला अयनांश म्हणतात. आज ते सुमारे २४ अंश आहे. या फरकाचा व्यावहारिक परिणाम असा की, निरयन पद्धतीने ठरणारा सण ऋतूच्या संदर्भात सुमारे ७० वर्षांत एक दिवस पुढे जातो. सूर्यसिद्धान्ताचे वर्ष ३६५.२५८८ दिवसांचे, म्हणजे याहूनही किंचित मोठे असल्याने त्यावर आधारलेल्या पंचांगांत हा वेग थोडा अधिक आहे. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ रोजी मकर संक्रांतीच्या दिवशी झाला, तर आज तीच संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीस येते. उत्तरायणाचा खरा आरंभ मात्र तेव्हाही आणि आताही २१–२२ डिसेंबरलाच होतो. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी एकत्र असलेल्या या दोन घटना आता तीन आठवड्यांहून अधिक अंतराने घडतात.

महाराष्ट्रातील पंचांगे दीर्घकाळ गणेश दैवज्ञाने शके १४४२ मध्ये, म्हणजे इ. स. १५२० मध्ये रचलेल्या ‘ग्रहलाघव’ या ग्रंथावरून तयार होत असत. ज्या ग्रंथात सोयीचा अलीकडचा दिवस आरंभ धरून सुटसुटीत रीतीने ग्रहांची स्थाने काढण्याची कोष्टके व नियम दिलेले असतात, त्याला करणग्रंथ म्हणतात, आणि ‘ग्रहलाघव’ हा त्या वर्गातील अत्यंत यशस्वी ग्रंथ होय. परंतु कोणत्याही करणग्रंथातील सूक्ष्म चुका कालांतराने साठत जातात. इंग्रजी नाविक पंचांगातील ग्रहणांच्या वेळा आकाशाशी तंतोतंत जुळतात आणि देशी पंचांगातील जुळत नाहीत, हे एकोणिसाव्या शतकात सुशिक्षितांच्या लक्षात आले, तेव्हा सुधारणेची मागणी पुढे आली. केरो लक्ष्मण छत्रे यांनी आबासाहेब पटवर्धन यांच्या साहाय्याने शके १७८७ पासून नव्या गणिताचे पंचांग काढले, तेच पटवर्धनी पंचांग होय. विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी शके १८०६ पासून सायन पंचांग प्रसिद्ध केले. त्यांपैकी दीक्षितांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा १८९६ चा ग्रंथ आजही या विषयाचा मुख्य आधार मानला जातो. पुढे लोकमान्य टिळकांनी १९०४ मध्ये मुंबईत भरलेल्या परिषदेपासून हा प्रश्न सार्वजनिक केला, तर व्यंकटेश बापूजी केतकर यांनी ‘ज्योतिर्गणित’ व ‘ग्रहगणित’ या ग्रंथांद्वारे अचूक गणिताची साधने पंचांगकर्त्यांच्या हाती दिली.

प्रत्यक्ष वेधांशी जुळणारे गणित, म्हणजे दृक्प्रत्यय, हवे यावर सुधारकांचे एकमत झाले तरी आरंभबिंदूवर झाले नाही. टिळक पक्षाने रेवती नक्षत्रातील एका ताऱ्यावरून, तर केतकर पक्षाने चित्रा ताऱ्यावरून अयनांश ठरविले, आणि या दोहोंत सुमारे चार अंशांचा फरक राहिला. सूर्य दिवसाला सुमारे एक अंश सरकतो, म्हणून दोन्ही पंचांगांतील संक्रांतीत चार दिवसांचे अंतर पडू लागले. त्या चार दिवसांत एखादी अमावास्या आली की एका पंचांगाचा अधिक मास दुसऱ्यापेक्षा वेगळा ठरे आणि काही वर्षी एकाच गावात दोन घरांची दिवाळी महिन्याच्या अंतराने येण्याची वेळ येई. सुधारणेने जुनी चूक काढली, पण एकवाक्यता आणली नाही, ही चळवळीची पहिल्या पन्नास वर्षांची फलश्रुती होती.

दप्तरी यांचे कार्य या पार्श्वभूमीवर समजून घ्यावे लागते. नागपूर ही त्या काळी मध्य प्रांताची राजधानी होती आणि त्यांची कर्मभूमीही तीच. बी. ए. व बी. एल. या पदव्या मिळवून कायद्याचे शिक्षण घेतलेल्या या गृहस्थाने संस्कृत शास्त्रग्रंथांचा व्यासंग केला, होमिओपॅथीचा अभ्यास केला, आणि ज्योतिर्गणितात स्वतंत्र ग्रंथरचना केली. नागपूरकरांत ते भाऊजी दप्तरी या नावाने ओळखले जात. ‘करणकल्पलता’ हा त्यांचा संस्कृत ग्रंथ नावाप्रमाणेच करणग्रंथ आहे. म्हणजे छत्रे आणि केतकर यांनी जे केले, तेच कार्य, नव्या वेधांवर आधारलेले गणित जुन्या शास्त्रीय चौकटीत बसवून पंचांगकर्त्याला वापरता येईल असे करून देण्याचे, त्यांनी पुढे नेले. विसाव्या शतकात करणग्रंथ संस्कृतात लिहिणे ही केवळ पांडित्याची हौस नव्हती. पंचांगकर्ता शास्त्री ज्या भाषेतील नियम प्रमाण मानतो त्या भाषेत नवे गणित उपलब्ध झाले, तरच ते परके न वाटता परंपरेचा पुढचा टप्पा म्हणून स्वीकारले जाण्याची शक्यता होती. ‘पंचांगचंद्रिका’ आणि ‘भारतीय ज्योतिःशास्त्रनिरीक्षण’ हे त्यांचे अन्य ग्रंथही याच विषयाला वाहिलेले आहेत.

संपातचलनाच्या ज्या तत्त्वामुळे सण ऋतूंपासून ढळतात, त्याच तत्त्वाचा उपयोग दप्तरींनी प्राचीन कालनिर्णयासाठी केला. जुन्या ग्रंथांत अमुक नक्षत्री अयन होते किंवा अमुक महिन्यात अमुक ऋतू होता असा उल्लेख असेल, तर संपात किती मागे सरकला आहे हे मोजून त्या उल्लेखाचा काळ काढता येतो. टिळकांनी १८९३ च्या ‘ओरायन’ ग्रंथात वेदकाळासाठी हीच पद्धत वापरली होती. नागपूर विद्यापीठाने १९४२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दप्तरींच्या इंग्रजी व्याख्यानांचा विषय प्राचीन भारताच्या कालक्रमासाठी ज्योतिषीय पद्धतीचा उपयोग हाच होता, आणि भारतीय युद्धाचे त्यांनी सुचविलेले वर्ष इ. स. पू. ११९७ हे होते. हे वर्ष सर्वमान्य झाले नाही, आणि अशा उल्लेखांच्या अर्थाविषयी अभ्यासकांत मतभेद कायम आहेत. तरी युद्धाचा काळ इ. स. पू. ३१०२ या कलियुगारंभाशी जोडण्याची रूढी बाजूला ठेवून गणितावरून तो जवळजवळ दोन हजार वर्षे अलीकडे आणण्यास जे धैर्य लागते, ते त्यांच्या ठायी होते असे म्हणावे लागते.

त्यांच्या विचाराची दुसरी बाजू धर्मचिंतनाची आहे. ‘धर्मरहस्य’ या ग्रंथाद्वारे आणि लोणावळ्याचे कोकजेशास्त्री यांच्याशी निगडित असलेल्या धर्मनिर्णय मंडळाच्या विचारविश्वात त्यांनी असा पक्ष मांडला की, धर्माचे नियम मनुष्याच्या हितासाठी असतात, ते बुद्धीच्या कसोटीवर तपासता येतात आणि परिस्थिती पालटल्यास शास्त्राच्याच आधाराने बदलता येतात. पंचांगाच्या प्रश्नाला ही भूमिका लावली की सुधारणेची खरी अडचण कोठे आहे हे कळते. एकादशीचा उपवास आकाशातील एकादशीला करावयाचा की पंचांगात छापलेल्या एकादशीला, असा प्रश्न विचारला तर शास्त्र पहिल्या पक्षाला अनुकूल आहे, कारण जुन्या सिद्धान्तकारांनीही दृक्प्रत्ययाचा आग्रह धरला आहे आणि वेळोवेळी बीजसंस्कार, म्हणजे ग्रहगतीतील दुरुस्त्या, सांगितल्या आहेत. परंतु रूढी दुसऱ्या पक्षाला अनुकूल असते, कारण सण हा एकट्याने पाळावयाचा नसतो आणि शेजाऱ्याच्या दिवसापेक्षा वेगळ्या दिवशी केलेला पोळा हा पोळाच होत नाही.

चांद्याच्या वनप्रदेशात या दोन्ही पक्षांचे परिणाम प्रत्यक्ष दिसतात. वैनगंगेच्या खोऱ्यातील ब्रह्मपुरी, सिंदेवाही, आरमोरी, वडसा हा पट्टा धानाचा असून झाडीपट्टी या नावाने ओळखला जातो. येथील शेतकऱ्याचे काम तिथीवर नव्हे, तर सूर्याच्या नक्षत्रांवर चालते. सूर्य २५ मेच्या सुमारास रोहिणीत, ७–८ जूनला मृगात आणि २१–२२ जूनला आर्द्रात प्रवेश करतो. मृग लागला की बांध्यांची कामे सुरू होतात, कोणी आवत्या टाकतो, म्हणजे कोरडे बी थेट फेकून पेरतो, कोणी पऱ्हे टाकतो, म्हणजे रोपे वाढवितो, आणि पाऊस साधला की रोवणी होते. नक्षत्रे सौर असल्याने त्यांच्या इंग्रजी तारखा दर वर्षी जवळजवळ सारख्याच राहतात, आणि म्हणून ती शेतीला सोयीची वाटतात. तथापि ती निरयन असल्याने तीही सरकत आहेत. वराहमिहिराच्या सहाव्या शतकात सूर्य मृग नक्षत्रात आजच्या मापाने मेच्या मध्यास प्रवेश करीत असे; याच गणनेने आणखी दोन हजार वर्षांनी मृग जुलैच्या पहिल्या आठवड्यात लागेल आणि तोवर मोसमी पाऊस सुरू होऊन गेलेला असेल. एका पिढीला हा फरक जाणवत नाही, त्यामुळे मृगावरचा विश्वास ढळत नाही, परंतु सुधारकांची चिंता नेमकी या न जाणवणाऱ्या सरकण्याविषयी होती.

चांद्र सणांचे चित्र वेगळे आहे. श्रावण अमावास्येचा पोळा २०२२ मध्ये २६ ऑगस्टला, २०२३ मध्ये १४ सप्टेंबरला, २०२४ मध्ये २ सप्टेंबरला आणि २०२५ मध्ये २२ ऑगस्टला आला. २०२३ च्या अधिक श्रावणाने तो एकदम पुढे ढकलला आणि नंतर तो वर्षाला अकरा-बारा दिवसांनी मागे येत गेला. या हेलकाव्यातही पोळा सामान्यतः रोवणी आटोपून बैल मोकळे झाल्यावरच येतो, आणि हीच अधिक मासाची योजना सफल असल्याची खूण आहे. चंद्रपूरच्या महाकालीची चैत्रातील यात्राही अशीच हलते. मराठवाड्यातून मोठ्या संख्येने येणाऱ्या भाविकांच्या या यात्रेचा उत्कर्ष चैत्र पौर्णिमेच्या सुमारास होतो, आणि ती पौर्णिमा २०२३ मध्ये ६ एप्रिलला, २०२४ मध्ये २३ एप्रिलला, तर २०२५ मध्ये १२ एप्रिलला होती. चंद्रपूरचा उन्हाळा देशातील अत्यंत कडक उन्हाळ्यांपैकी एक असल्याने सतरा दिवसांचा हा फरक तळपत्या वाटेने चालत येणाऱ्या यात्रेकरूला चांगलाच जाणवतो.

गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शी तालुक्यातील मार्कंडा येथे, वैनगंगा उत्तरेकडे वळते त्या ठिकाणच्या प्राचीन मंदिरसमूहाजवळ, महाशिवरात्रीची मोठी जत्रा भरते. महाराष्ट्रात आणि गोदावरीपलीकडच्या तेलंगणात महिना अमावास्येला संपतो, म्हणून हा दिवस माघ वद्य चतुर्दशीचा मानला जातो. जिल्ह्याच्या पूर्वेस लागून असलेल्या छत्तीसगडमध्ये महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून तोच दिवस फाल्गुन कृष्ण चतुर्दशीचा ठरतो. पहिल्या पद्धतीला अमान्त व दुसरीला पौर्णिमान्त म्हणतात. आकाशातील घटना एक, रात्र एक, जत्रेकरू एक, पण महिन्याचे नाव सीमेवर बदलते. दिवस मात्र बदलत नाही, आणि यावरून हे दिसते की नावातील भेद सहज सोसला जातो. वाद होतो तो दिवस बदलला तरच.

दिवस बदलण्याचे आणखी एक कारण या पूर्वेकडील प्रदेशाला विशेष लागू पडते. सूर्य व चंद्र यांच्यात बारा अंशांचे अंतर वाढण्यास लागणारा काळ म्हणजे तिथी. तो साधारण १९ ते २६ तासांचा असतो आणि सूर्योदयाच्या क्षणी जी तिथी चालू असेल ती त्या दिवसाची तिथी मानली जाते. गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड मुंबईच्या सुमारे पावणेआठ अंश पूर्वेस असल्याने तेथे सूर्य अर्धा तास आधी उगवतो. समजा, भामरागडात सव्वासहाला आणि मुंबईत पावणेसातला सूर्य उगवला व दशमी साडेसहाला संपली, तर भामरागडात तो दिवस दशमीचा आणि मुंबईत एकादशीचा होईल. मुंबई वा पुण्याच्या सूर्योदयावरून केलेले पंचांग वनप्रदेशात तसेच्या तसे वापरल्यास अशी चूक अधूनमधून होणे अटळ आहे. महाशिवरात्रीसारख्या काही व्रतांना सूर्योदयाऐवजी मध्यरात्रीची तिथी पाहण्याचा नियम असल्याने हिशेब आणखी गुंतागुंतीचा होतो. स्थानपरत्वे पंचांग करावे हे शास्त्र जुनेच आहे. परंतु छापखान्याने एका गावचे पंचांग सगळ्या प्रांताचे करून टाकले.

या साऱ्यापासून अलिप्त असलेली गणना भामरागड, एटापल्ली या तालुक्यांतील माडिया आणि अन्य भागांतील गोंड समाजाची आहे. त्यांच्या अनेक सणांना पंडुम म्हणतात, आणि त्यांपैकी बरेचसे नव्या पिकाच्या वा फळाच्या पहिल्या सेवनाशी जोडलेले आहेत. आंबा, मोह, नवे धान्य यांपैकी जे तयार झाले असेल ते आधी देवाला व पूर्वजांना दाखविले जाते, आणि तो विधी होईपर्यंत ते खाणे निषिद्ध असते. विधीचा दिवस गावचा भूमिया किंवा गायता ज्येष्ठांशी बोलून ठरवितो. म्हणून शेजारच्या दोन गावांत तोच पंडुम वेगवेगळ्या दिवशी होतो, आणि त्यात कोणालाही विसंगती वाटत नाही. सायनवाद्यांनी गणिताने जे साधू पाहिले, म्हणजे सण ऋतूपासून ढळू नये, ते येथे गणिताशिवाय साधलेले आहे, कारण सणाचा हेतूच ऋतूतील एका घटनेत आहे. या व्यवस्थेला अधिक मासाची गरज पडत नाही आणि अयनांशाचा प्रश्नही उद्भवत नाही. मात्र ती गावापुरतीच चालू शकते, कारण पन्नास गावांना एकत्र आणणारी जत्रा अशा रीतीने ठरविता येत नाही. शासनाची गणना याच्या दुसऱ्या टोकाला आहे: तेंदूपानांच्या संकलनाचे करार, वनखात्याचा हिशेब आणि मजुरीची देणी १ एप्रिल ते ३१ मार्च या आर्थिक वर्षाशी बांधलेली असतात, जरी पान तोडणीला येते ते मात्र उन्हाच्या मानाने.

अशा बहुविध व्यवहारांच्या देशात एकच पंचांग ठरविण्यासाठी वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने नोव्हेंबर १९५२ मध्ये पंचांगसुधारणा समिती नेमली. मेघनाद साहा हे तिचे अध्यक्ष होते, अलाहाबादचे ए. सी. बॅनर्जी व गोरखप्रसाद, नागपूरचे दप्तरी, पुण्याचे ‘केसरी’चे माजी संपादक ज. स. करंदीकर, उज्जैनचे आर. व्ही. वैद्य हे सदस्य आणि निर्मलचंद्र लाहिरी हे सचिव होते. सात जणांत नागपूर व पुणे या दोन्ही मराठी विद्याकेंद्रांचे प्रतिनिधी असणे हे महाराष्ट्रातील आधीच्या शतकभराच्या वादाचे फळ होते. देशात सुमारे तीस वेगवेगळी पंचांगे चालू असल्याचा उल्लेख पंतप्रधान नेहरूंनी समितीला दिलेल्या संदेशात केला होता. जगातही त्या काळी याच विषयाची चर्चा होती. सर्व वर्षे एकसारखी करणाऱ्या जागतिक दिनदर्शिकेचा प्रस्ताव भारताने संयुक्त राष्ट्रसंघापुढे मांडला होता, परंतु आठवड्याचा क्रम मोडण्यास धार्मिक समाजांचा विरोध झाल्याने तो १९५६ मध्ये बाजूला ठेवण्यात आला.

समितीचा अहवाल १९५५ मध्ये सादर झाला. नागरी व्यवहारासाठी तिने शालिवाहन शक आणि शुद्ध सायन सौर वर्ष स्वीकारले: वर्षारंभ वसंतसंपाताच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे २२ मार्चला, प्लुत वर्षी २१ मार्चला, चैत्र ३० दिवसांचा, प्लुत वर्षी ३१ चा, वैशाख ते भाद्रपद हे पाच महिने ३१ दिवसांचे आणि उरलेले सहा ३० दिवसांचे. धार्मिक पंचांगासाठी मात्र समितीने तडजोड केली. सूर्याच्या संक्रांती सायन गणनेने २३ अंश १५ कला पुढे धरून तेथेच कायम कराव्यात, म्हणजे आजवर साठलेले अंतर तसेच राहील पण यापुढे वाढणार नाही, असे तिने सुचविले. सण आजच्या दिवसांवरून एकदम तीन आठवडे मागे खेचले असते तर लोकांनी ते मानले नसते, हे या निर्णयामागचे कारण होते. ऋतूंविषयी समितीने वसंत १९ फेब्रुवारीपासून सुरू होऊन सुमारे २० एप्रिलला संपतो असे ठरविले. चांद्याच्या जंगलात पळस फुलणे आणि मोहफुले वेचणे हे याच काळात घडते, तर प्रचलित धाटणीने चैत्र-वैशाख हा वसंत मानल्यास त्याचा उत्तरार्ध भर उन्हाळ्यात जातो. या एका बाबतीत तरी समितीचे गणित आणि जंगलाची चाल एकमेकांशी जुळतात.

साहा आणि दप्तरी हे दोघेही १९५६ मध्ये निधन पावले. त्यानंतर २२ मार्च १९५७ रोजी, म्हणजे १ चैत्र १८७९ या दिवशी, राष्ट्रीय पंचांग अमलात आले. भारताचे राजपत्र, आकाशवाणीच्या बातम्या, शासकीय दिनदर्शिका आणि शासनाची जनतेशी होणारी पत्रे यांत त्याचा वापर ठरविण्यात आला, आणि शासनातर्फे अनेक भाषांत राष्ट्रीय पंचांग प्रसिद्ध होऊ लागले. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रावरही इंग्रजी तारखेशेजारी शके आणि सौर महिना छापला जातो. याउलट घरोघरी टांगल्या जाणाऱ्या दिनदर्शिकांनी, विशेषतः १९७३ मध्ये जयंतराव साळगावकरांनी सुरू केलेल्या ‘कालनिर्णय’ने, तिथी, सण आणि इंग्रजी तारीख एकाच चौकोनात आणली, आणि भारतीय सौर दिनांक तेथे बारीक अक्षरात एका कोपऱ्यात राहिला. धार्मिक भागाविषयीची तडजोडही बहुतेक पंचांगकर्त्यांनी स्वीकारली नाही. मकर संक्रांत आजही सरकतेच आहे.

तरीही दप्तरींच्या पिढीचा प्रयत्न निष्फळ ठरला असे म्हणणे न्याय्य होणार नाही. दृक्प्रत्ययाचा पक्ष पूर्णपणे जिंकला. आज मराठी पंचांगांतील ग्रहणाच्या वेळा आकाशाशी जुळतात, आणि ही गोष्ट शंभर-दीडशे वर्षांपूर्वी गृहीत धरता येत नव्हती. हरला तो ऋतूंचा पक्ष, आणि तो हरण्याचे कारण गणितात नसून अधिकारात आहे. पंडुमाचा दिवस ठरविण्याचा अधिकार गावाकडे असल्याने तो ऋतूबरोबर हलतो. पोळा किंवा महाकालीची यात्रा ठरविण्याचा अधिकार छापील पंचांगाकडे गेल्याने ती पंचांग जसे सांगेल तशी हलते. आणि राजपत्रावरील दिनांकाला शासनाच्या आज्ञेपलीकडे कोणताच आधार नसल्याने तो कोणाच्याही सणाला हलवू शकला नाही. गणित आणि धर्मनिर्णय हे एकाच हाताने करण्याचा दप्तरींचा प्रयत्न या दृष्टीने योग्य दिशेचा होता, परंतु त्यांच्यामागे त्या दोन्ही विषयांत तितकाच अधिकार असलेला वारसदार उभा राहिला नाही.

या इतिहासाचे दोन धागे अजून जपता येण्याजोगे आहेत. दप्तरींचे ज्योतिषविषयक ग्रंथ आज सहज मिळत नाहीत. त्यांची सटीप आवृत्ती नागपुरातील संशोधनसंस्थांनी काढली पाहिजे. आणि गडचिरोलीत २०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाने व परिसरातील महाविद्यालयांनी गावोगावच्या पंडुमांचे दिवस, त्या वर्षीच्या मोह-आंब्याच्या बहराची आणि पावसाची नोंद यांसह सलग काही दशके टिपून ठेवले पाहिजेत, कारण मोसमच बदलत असलेल्या काळात ऋतू किती सरकला हे सांगणारी अशी नोंद कोणत्याही छापील पंचांगात मिळणार नाही.